अपॉइंटमेंट्स तीन ठिकाणी आणि मी एकटी: तुम्ही कॅलेंडर कसं सांभाळता?

रेघोटी

मी स्पीच थेरपिस्ट आहे. अर्धा आठवडा एका संस्थेत असते, उरलेला वेळ स्वतःची प्रॅक्टिस. संस्थेचा सगळा कारभार आउटलुकवर चालतो आणि ते खातं स्वतःच्या फोनवर घ्यायला परवानगी नाही. माझे पेशंट व्हॉट्सॲपवर वेळ मागतात, काही जण फोन करतात. एक आजोबा आहेत, ते दारात चपला घालता घालता "मग बुधवारी येतो हं" म्हणतात. झाली अपॉइंटमेंट! त्यात मुलाच्या पालकसभा वगैरे वेगळ्याच.

सध्या संस्थेचं कॅलेंडर, फोनमधलं गूगल कॅलेंडर आणि टेबलावरची डायरी असा त्रिस्थळी कारभार आहे. कोणतं ॲप घ्यावं हे विचारायचं आहेच, पण त्याशिवाय:

लोकांना लिंक पाठवून स्वतःच वेळ निवडू द्यावी का? रिपोर्ट लिहिणं, फॉलोअप करणं ही कामं कॅलेंडरात टाकता की वेगळ्या यादीत? आणि हे सगळं आपोआप एकमेकांत सिंक होतं असं म्हणतात, ते खरंच होतं का?

टाचणी

ॲपचं शेवटी बघा. वेळ "ठरली" असं कधी म्हणायचं, ते आधी ठरवा. माझ्याकडे कॅलेंडरात नोंद पडेपर्यंत काहीही ठरलेलं नसतं. फोनवर बोलतानाच स्पीकर लावायचा, कॅलेंडर उघडायचं, नोंद करायची आणि तारीख, वार, वेळ तिन्ही वाचून दाखवायचं. वार तर सांगायचाच. लोक तारखेकडे लक्ष देत नाहीत, पण वार ऐकला की लगेच "अहो, मंगळवारी मला नाही जमत" म्हणतात.

व्हॉट्सॲपवर अजून सावध. "बघते, बहुतेक चालेल" या वाक्याचा अर्थ एकाच्या लेखी हो असतो आणि दुसऱ्याच्या लेखी नाही. त्यामुळे शेवटचा मेसेज कायम माझा असतो: "बुधवार, ११ तारीख, दुपारी ४. नोंद केली आहे." हा मेसेज गेला नसेल तर अपॉइंटमेंट नाही.

उनाडपाखरू

+१. आणि "सकाळी बोलू", "दुपारनंतर या" हे शब्द हद्दपार करा. दुपारनंतर म्हणजे माझ्या साहेबांच्या लेखी संध्याकाळचे साडेसहा.

ढापण्या

सिंकच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

सगळी मोठी कॅलेंडरं एकच भाषा बोलतात. आयकॅलेंडर नावाचं मानक १९९८ साली आलं, २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि आजही तेच चालतं. ईमेलला जोडून येणारी .आयसीएस फाइल म्हणजे तेच. त्यामुळे गूगल, आउटलुक, ॲपल यांच्यात नोंदींची देवाणघेवाण होते, यात शंका नाही. ती कोणत्या रस्त्याने होते, यावर सगळं अवलंबून आहे. रस्ते तीन.

पहिला, इम्पोर्ट. फाइल उचलून दुसऱ्या कॅलेंडरात ओतली. ही त्या क्षणाची प्रत असते. मूळ नोंद नंतर बदलली तर प्रतीला पत्ता नसतो. याला सिंक समजू नका.

दुसरा, सबस्क्राइब. एका कॅलेंडरचा दुवा दुसऱ्यात टाकला की ते अधूनमधून जाऊन बघून येतं. हे "अधूनमधून" म्हणजे काही तास, कधी जवळजवळ दिवसभर, आणि ते तुमच्या हातात नसतं. सुट्ट्यांची यादी किंवा शाळेचं वेळापत्रक असल्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना उत्तम. सकाळी रद्द झालेली दुपारची अपॉइंटमेंट कळायला अगदी बेकार.

तिसरा, इन्व्हाइट. नोंद तुमच्या कॅलेंडरात करायची आणि पाहुणा म्हणून स्वतःचाच दुसरा पत्ता टाकायचा. ती ईमेलने लगेच पोचते, वेळ बदलली की बदलही पोचतो, रद्द केली की तेही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांत त्याच दिवशीच्या बदलांसाठी मला हाच रस्ता भरवशाचा वाटतो.

तुमच्या बाबतीत मी स्वतःचं कॅलेंडर मुख्य धरेन. संस्थेचे दिवस ठरलेले आहेत ना? मग ते दर आठवड्याला येणारी नोंद करून तुमच्याकडे सरळ अडवून टाका. संस्थेची आतली वेळापत्रकं इकडे आणायचीच कशाला? अडवलेल्या वेळेबाहेर संस्थेने काही ठेवलं, तरच ते इकडे उतरवायचं. उलट बाजूने, तुमची एखादी अपॉइंटमेंट संस्थेच्या दिवसाला खेटून असेल तर तेवढीच संस्थेच्या पत्त्यावर इन्व्हाइट करा.

एक सावधगिरी: इन्व्हाइटबरोबर शीर्षक आणि खालचा मजकूरही जातो. पेशंटचं नाव आणि निदान लिहिलेली नोंद संस्थेकडे पाठवू नका.

रेघोटी

ढापण्या, हे आधी कोणी सांगितलं असतं तर! मी इम्पोर्टलाच सिंक म्हणत होते. संस्थेचे दिवस नुसते अडवून टाकायचे हे इतकं सोपं आहे की लाज वाटली.

काउंटरपलीकडे

मी एका मोठ्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बरीच वर्षं आहे, म्हणून व्यवहारातलं सांगते.

तुमच्या आजोबांचं उत्तर: सेशनची शेवटची पाच मिनिटं पुढच्या वेळेची असतात. माणूस खुर्चीत असतानाच कॅलेंडर त्याच्यासमोर वळवायचं आणि पुढची वेळ टाकायची. "कधी येता?" विचारायचं नाही. "बुधवारी चार की गुरुवारी साडेदहा?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला लोक घरचं सगळं रामायण सांगतात, दुसऱ्याला उत्तर देतात. आजोबांना कागदाच्या चिठ्ठीवर लिहूनही द्यायचं. तुमची नोंद डिजिटल असली म्हणून त्यांचीही असायला हवी असं कुठे आहे?

नोंद करताना आमच्याकडे शीर्षकात आधी माणूस, मग काम, आणि पहिल्यांदाच येत असेल तर पुढे "नवीन". फोन नंबर खालच्या मजकुरात, कारण तुम्ही आजारी पडलात आणि दुसऱ्या कोणाला सगळ्यांना फोन करायचे असतील तर तो नंबर तिथेच लागतो. फोनबुकात शोधायला कोणाला वेळ नसतो. रंग तीनच ठेवा: पक्की, कच्ची, रद्द. मी सात-आठ रंगांची कॅलेंडरं बघितली आहेत. त्यांच्या मालकांनाही जांभळा कशाचा ते आठवत नाही.

आणि हे नक्की करा: कोणी रद्द केलं किंवा आलंच नाही, तर नोंद डिलीट करू नका. शीर्षकाच्या सुरुवातीला "रद्द" किंवा "आले नाहीत" लिहा, ती वेळ "फ्री" करा, म्हणजे तिथे दुसरं कोणी बसवता येतं. सहा महिन्यांनी कोणी "मी तर नेहमी येतो" म्हणालं की स्क्रीन पुढे करता येते. भांडायला नाही हो. त्यांना वेळच गैरसोयीची दिली होती का, तेही त्यातूनच दिसतं. आमच्याकडे एका बाई प्रत्येक वेळी सकाळची अपॉइंटमेंट चुकवायच्या. नोंदी बघून दुपारची दिली, त्यानंतर एकदाही चुकली नाही.

रिमाइंडरबद्दल: पाठवाच. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ साली अभ्यासांचा आढावा घेतला होता. काहीच आठवण न करण्यापेक्षा एसएमएस पाठवल्यावर जास्त लोक वेळेवर हजर राहतात, आणि फोन करून सांगण्याइतकाच त्याचा उपयोग होतो, असं त्यात दिसलं होतं. आदल्या दिवशी पाठवावा, आणि त्यात "जमणार नसेल तर याच नंबरवर कळवा" हे हवंच. नुसतं "उद्या ४ वाजता" पाठवलं तर न येणारा गप्प बसतो. रिकामी जागा संध्याकाळी कळली तर भरता येते. चार वाजता कळून काय उपयोग?

जुनी_वही

सगळे डिजिटलच्या बाजूने बोलताहेत म्हणून मी उलट बोलते. डायरी टाकून देऊ नका. उघडली की अख्खा आठवडा एका नजरेत दिसतो. फोनवर आठवडा म्हणजे मुंग्यांची रांग. बॅटरी संपत नाही, कुठली नोटिफिकेशन्स नाहीत, आणि हाताने लिहिलेलं लक्षात राहतं. मी रविवारी कॅलेंडरमधून पुढचा आठवडा डायरीत उतरवते. उतरवतानाच कळतं की गुरुवारी जेवायला वेळ ठेवलेला नाही.

टाचणी

वही, तुमचं रविवारचं उतरवणं मान्य. फक्त नवीन नोंद कधीही आधी डायरीत व्हायला नको. डायरी कॅलेंडर वाचेल, कॅलेंडर डायरी वाचणार नाही. दोन्हीकडे नवीन नोंदी व्हायला लागल्या की पुन्हा तेच.

जुनी_वही

बरं बाई. (पण पेनाने खोडण्यात जे समाधान आहे ते तुमच्या डिलीटमध्ये नाही.)

उनाडपाखरू

बुकिंग लिंकबद्दल कोणीच बोललं नाही. मी सल्लागार म्हणून काम करतो आणि लिंक वापरायला लागल्यापासून "तुम्हाला कधी जमेल?" "तुम्हाला?" हा पिंगपाँग संपला. कॅलेंडली आहे, मायक्रोसॉफ्टचं बुकिंग्ज आहे, गूगल कॅलेंडरातही अपॉइंटमेंट शेड्यूल आहे. रेघोटी, आंधळेपणाने घ्या.

टाचणी

आंधळेपणाने अजिबात घेऊ नका. मला स्वतःला लिंक आली की राग येतो. "माझ्याकडे तुमच्याशी बोलायला वेळ नाही, दुकानाच्या खिडकीत या" असं वाटतं. त्यातून ज्याने मदत मागितली आहे त्यानेच समोरच्याला लिंक पाठवावी, म्हणजे कहर.

उनाडपाखरू

टाचणीताई, हा लिंकचा दोष की पाठवणाऱ्याचा? मी असं लिहितो: "मंगळवारी ११ किंवा बुधवारी ३ चालेल का? दोन्ही जमत नसेल तर इथे बाकीच्या मोकळ्या वेळा दिसतील." बहुतेक लोक पहिल्या दोनांतूनच निवडतात.

टाचणी

हे चालेल. मागे घेते. अर्धं.

ढापण्या

लिंक देणार असाल तर चालू करायच्या आधी सेटिंग बघा. नुसती कामाची वेळ भरून लिंक वाटलीत तर तुमचा सगळा मोकळा वेळ जगाच्या ताब्यात जातो. चार गोष्टी बघायच्या.

कमीत कमी किती आधी बुक करता येईल. हे भरलं नाही तर चहा पिताना अर्ध्या तासात पेशंट दारात. जास्तीत जास्त किती पुढचं दिसेल. महिनाभर पुरे, नाहीतर अजून तुम्हालाच माहीत नसलेल्या सुट्टीवर कोणीतरी बुकिंग करून बसतं. दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये किती वेळ मोकळा. आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती.

यातलं तिसरं थेरपिस्टसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ४५ मिनिटांचं सेशन ४५ मिनिटांत संपत नाही. नोंदी लिहायच्या असतात, पालक दारात थांबून एक प्रश्न विचारतात. हा "दारातला एक प्रश्न" धरून मोकळा वेळ ठेवा.

शिवाय बुकिंगचं पान तुमची सगळी कॅलेंडरं तपासतं असं धरून चालू नका. कोणती तपासायची ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आणि पालकसभेची नोंद दिवसभराची म्हणून टाकली असेल तर ती "बिझी" आहे की "फ्री" ते बघा. दिवसभराच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी आपोआप "फ्री" धरल्या जातात. म्हणजे कॅलेंडरात वर मोठ्या अक्षरात "गावाला" लिहिलेलं, आणि खाली लोक खुशाल वेळा बुक करताहेत.

काउंटरपलीकडे

नवीन पेशंटला लिंक, जुन्याला समोरासमोर. आम्ही हेच करतो. नवीन माणूस रात्री अकराला शोधत असतो, तेव्हा रिसेप्शन बंद असतं.

सातासमुद्रापार

माझं काम वेगळं आहे, पण एक भर घालतो. मीटिंग दुसऱ्या देशातल्या माणसाशी असेल तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोळ्यात तेल घाला. उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, ती अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. न्यूयॉर्क-लंडनमधलं अंतर एरवी पाच तासांचं, या मधल्या दोन-तीन आठवड्यांत चारच तासांचं होतं. ऑक्टोबरअखेरीस पुन्हा आठवडाभर तेच. ज्या देशांत घड्याळ बदलतच नाही तिथल्या माणसाची मीटिंग स्वतःहून एक तास सरकते आणि तो कॅलेंडरला शिव्या देतो.

दर आठवड्याची मीटिंग ज्याने बनवली त्याच्या टाइम झोनला ती बांधलेली असते. म्हणून आधी ठरवा की कोणाचं घड्याळ धरायचं, आणि त्यालाच ती बनवू द्या. झोन निवडताना शहराचं नाव निवडा. "ईएसटी" (न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ) लिहू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ती वेळ नसतेच.

अवांतर: पॅसिफिकमधल्या सामोआ या देशाने २०११ मध्ये तारीखरेषेची बाजू बदलली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवसच त्यांच्याकडे आला नाही. त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट्सचं काय केलं असेल, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

काउंटरपलीकडे

"आले नाहीत" :)

निवांत

कामांच्या यादीचा प्रश्न राहिलाच. माझा कल असा: दुसरा माणूस गुंतलेला आहे किंवा वेळ टळली तर नुकसान आहे, ते कॅलेंडरात. बाकी यादीत. टाइम ब्लॉकिंगचं वेड लागलं होतं तेव्हा मी "ईमेल", "फाइल आवरणे" सगळं रंगीत चौकोनांत भरायचो. ते चौकोन रोज पुढे ढकलायचो. मग डोळ्यांना सवयच लागते की कॅलेंडरातलं सरकवलं तरी चालतं, आणि एक दिवस खरी अपॉइंटमेंटही त्याच नजरेने बघितली जाते.

रेघोटी

पण मग रिपोर्ट कधी लिहायचे? यादीत टाकले की ते तिथेच म्हातारे होतात.

निवांत

रिपोर्टला मुदत आहे आणि सलग वेळ लागतो, म्हणून तो अपवाद. त्याची वेळ अडवा, आणि वाटतं त्याहून जास्त अडवा. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच लावतो. कानेमान आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याला "प्लॅनिंग फॅलसी" असं नाव देऊन ठेवलंय. गंमत म्हणजे मागच्या वेळी उशीर झाला होता हे माहीत असूनही आपण या वेळचा अंदाज कमीच धरतो. त्यावर माझा उपाय म्हणजे मागचं कॅलेंडर उघडून बघणे. मागचा रिपोर्ट दोन तासांचा म्हणून टाकला होता आणि दुसऱ्या दिवशीही तोच चालू होता, हे तिथे दिसतं.

छोट्या कामांसाठी यादी, पण यादी बघायची वेळ मात्र कॅलेंडरात. सकाळी पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी पंधरा मिनिटं.

उनाडपाखरू

मीटिंगवाल्यांसाठी: गूगल कॅलेंडरात स्पीडी मीटिंग्ज नावाचं सेटिंग आहे. ३० मिनिटांची मीटिंग २५ची होते, तासाची ५०ची. आउटलुकमध्येही तसलंच आहे. पाणी प्यायला तरी मिळतं.

मांजरपाऊल

इतका वेळ नुसती वाचत होते. एक मुद्दा सुटला: लॉक स्क्रीन. कॅलेंडर नीट ठेवलं, आणि सेशन चालू असताना टेबलावरच्या फोनवर पुढच्या पेशंटचं नाव आणि "तोतरेपणा, दुसरी भेट" झळकलं. समोर बसलेल्याने ते वाचलं. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवण्याची सोय फोनमध्ये असते, ती चालू करा. घरच्यांबरोबर कॅलेंडर वाटून घेतलं असेल तर पेशंटचं कॅलेंडर वेगळं ठेवा आणि घरच्यांना फक्त बिझी-फ्री दिसू द्या. "लिंक असलेला कोणीही बघू शकेल" हा पर्याय चुकूनही नको.

अनोळखी पत्त्यांवरून येणारी इन्व्हाइट्सही कॅलेंडरात आपोआप येऊन बसतात. "तुम्ही बक्षीस जिंकलात, सकाळी ९." गूगल कॅलेंडरात फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्याची इन्व्हाइट्स दाखवायची सोय आहे, ती लावून टाका.

रेघोटी

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखूण म्हणून ठेवलाय. माझं ठरलं ते असं. गूगल कॅलेंडर मुख्य. संस्थेचे दिवस अडवलेले. पेशंटचं आणि घरचं वेगळं कॅलेंडर, नोंदीत फक्त आद्याक्षरं. लिंक फक्त नवीन पेशंटना, तीही आधी दोन मोकळ्या वेळा सुचवून झाल्यावर. डायरी रविवारपुरती (वही, खूश?).

एकच शंका उरली. काही मुलांची दर आठवड्याची ठरलेली वेळ असते. परीक्षा आली की महिनाभर वेळ बदलते, मग पुन्हा जुनी. मी बदल केला की मागच्या सगळ्या नोंदीही सरकतात.

ढापण्या

कारण तुम्ही "सगळ्या नोंदी" निवडताय. एका दिवसाचा बदल असेल तर "फक्त ही नोंद". परीक्षेसारखा बदल असेल तर "ही आणि यापुढच्या". तिथे जुनी मालिका थांबते आणि नवीन सुरू होते. मागच्या नोंदी, त्यांतलं "आले नाहीत" वगैरे, जागच्या जागी राहतं. आणि मालिका कधीच बिनमुदत ठेवू नका, सत्राच्या शेवटची तारीख टाका. थेरपी संपलेल्या मुलाची वेळ वर्षभर अडून राहिलेली मी पाहिली आहे.

काउंटरपलीकडे

आणि जे कुटुंब दर आठवड्याला वेळ बदलतं त्यांना मालिका देऊच नका. एका वेळी एकच अपॉइंटमेंट, आणि ती झाल्यावर पुढची. मग चांगल्या वेळा अडून राहत नाहीत, आणि नेमाने येणाऱ्यांना त्या देता येतात.